हिरवं दिसलं म्हणजे शेवाळ नव्हे

बंगळुरूच्या चामराजपेटेतल्या मराठी घरांत केंपांबुधी तलावाचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "हिरवं दिसतंय ना, मग शेवाळच. पाण्यातली वनस्पती, तिला काय घाबरायचं?" चांगली शिकलेली माणसं हे बोलतात, तेव्हा खरंच राग येतो.

रंगावरून गट पाडणं जुनं आहे. आयर्लंडच्या विल्यम हार्वेने १८३६ मध्ये शेवाळांची विभागणी रंगांवरून केली; त्या काळी ते योग्यच होतं. पण डोळ्यांना दिसतो तो रंग फसवा. २००१ मध्ये केरळात तांबडा पाऊस पडला. सरकारी संस्थांच्या तपासणीत तो रंग ट्रेंटेपोहलियाच्या बीजाणूंचा निघाला, आणि ट्रेंटेपोहलिया हिरव्या शेवाळांच्या गटात मोडतं. त्याचं हरितद्रव्य नारिंगी कॅरोटीनाखाली दडलेलं असतं. जून २०२० मध्ये लोणार सरोवर गुलाबी झालं, तेव्हाही आधी बोट शेवाळाकडेच गेलं. वन विभागाने घेतलेले नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासले आणि कारण सापडलं हॅलोआर्किया. खारट पाण्यात वाढणारे हे सूक्ष्मजीव शेवाळ तर नव्हेतच, जिवाणूही नव्हेत.

बरं, रंगद्रव्यं प्रयोगशाळेत नीट वेगळी केली तर? तेवढ्यानेही भागत नाही. यूग्लीना हा एकपेशीय जीव घ्या. तिच्यात हरितद्रव्य 'अ' आणि 'ब' दोन्ही असतात, अगदी झाडांसारखी. पण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या हरितलवकाभोवती तीन पडदे दिसतात. हिरव्या शेवाळात दोनच असतात. हा जादा पडदा म्हणजे कधीकाळी गिळल्याची खूण. यूग्लीनाच्या पूर्वजाने एक हिरवं शेवाळ गिळलं, ते पुरतं पचवलं नाही, आणि त्याचं हरितलवक पेशीत राहून गेलं. केंद्रकातल्या जनुकांचा क्रम लावला की ती जाऊन बसते ट्रिपॅनोसोमाशेजारी, म्हणजे आफ्रिकेतल्या निद्रारोगाच्या परजीवीशेजारी. तपकिरी शेवाळाचं हरितलवक असंच तांबड्या शेवाळाकडून आलेलं, त्याला तर चार पडदे. म्हणून रंगद्रव्य, पेशीची रचना आणि जनुकं ही तिन्ही एकत्र पाहावी लागतात. एकट्या रंगद्रव्यावरून कळतं ते हरितलवकाचं कूळ, पेशीचं नव्हे.

आता तलावाकडे. सांडपाण्यातल्या फॉस्फरस-नायट्रोजनवर पोसलेल्या पाण्यात उन्हाळ्यात हिरवा तवंग येतो, तो पुष्कळदा मायक्रोसिस्टिससारख्या सायनोबॅक्टेरियांचा असतो. त्यांच्या पेशीत केंद्रक नाही, हरितलवक नाही. ते जिवाणू आहेत. मायक्रोसिस्टिसच्या काही जाती मायक्रोसिस्टिन हे यकृत बिघडवणारं विष तयार करतात. इथे मात्र रंगद्रव्य कामाला येतं: हिरव्या शेवाळात नसलेलं फायकोसायनिन यांच्यात असतं, आणि ते मोजणाऱ्या उपकरणाने पाण्यातला धोका लवकर ओळखता येतो. "उकळून घेतलं की झालं" हेही खोटं. उकळल्याने हे विष नष्ट होत नाही. तवंग आलेल्या पाण्यात मुलांना उतरू देऊ नका, कुत्र्यांना ते पिऊ देऊ नका.

नाव आणि रूप तलावाबाहेरही फसवतात. औषधाच्या दुकानातली स्पिरुलिनाही सायनोबॅक्टेरियाच, पण तिच्या गोळीला या तवंगाशी जोडून घाबरू नका. चायना ग्रास हे गवत नव्हे, तांबड्या समुद्री शेवाळातून काढलेलं अगर आहे. आणि नाशिकच्या द्राक्षांवरचा केवडा हा रोग बुरशीसारखा दिसला तरी तो घडवणारा जीव तपकिरी शेवाळांच्या नात्यातला आहे. बुरशीतलं एर्गोस्टेरॉल तो बनवत नाही, म्हणून भुरी या खऱ्या बुरशीवर चालणारी ट्रायझोल गटातली औषधं त्याच्यावर चालत नाहीत.