मैदानावरून तलावाच्या पाळीवर

धावणे आणि श्रमदान यांची सांगड घालण्याची रीत साधी आहे. गटाने ठरलेल्या ठिकाणाहून धावत निघायचे, दोन-तीन किलोमीटरवरच्या एखाद्या सार्वजनिक कामावर पोहोचायचे, तिथे अर्धा-पाऊण तास अंगमेहनत करायची आणि धावतच परतायचे. काम धावण्याच्या आधी किंवा नंतर नसते, मध्ये असते, आणि या रीतीचे बरेचसे बळ त्या मधल्या मुक्कामात आहे. धावून आलेले अंग तापलेले असते, त्यामुळे कामाला लगेच हात लागतो. परतीचे अंतर बाकी असते, त्यामुळे काम रेंगाळत नाही. शिवाय व्यायामासाठी एक आणि समाजकार्यासाठी दुसरी अशी वेगळी वेळ काढावी लागत नाही.

या रीतीला संस्थेचे रूप लंडनमध्ये मिळाले. या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस आयव्हो गॉर्मली या तरुणाला व्यायामशाळेत यंत्रांवर खर्च होणारी ताकद वाया जाते असे वाटू लागले. तो धावत एका वृद्ध, घराबाहेर पडू न शकणाऱ्या गृहस्थांकडे वर्तमानपत्र घेऊन जाऊ लागला. त्यातून ‘गुडजिम’ ही संस्था उभी राहिली आणि पूर्व लंडनमधून ब्रिटनच्या इतर शहरांत पसरली. तिथले गट धावत जाऊन बागेतली माती हलवतात, अन्नपेढीतले डबे लावतात, सभागृहाच्या भिंती रंगवतात. काही सदस्य एकट्याने दर आठवड्याला ठरलेल्या वृद्धाच्या घरी धावत जातात. या वृद्धाला तिथे ‘कोच’ म्हणतात, कारण कोणीतरी वाट पाहत आहे या जाणिवेने धावणारा थंडीपावसातही बाहेर पडतो. मदत घेणाऱ्याला प्रशिक्षकाचा मान देणारी ही योजना फार शहाणपणाची आहे. त्यात उपकाराचे ओझे कोणावरच राहत नाही.

दुसरी वाट स्वीडनमधून आली. २०१६ मध्ये स्टॉकहोमला एरिक आलस्ट्रॉम यांनी धावताना रस्त्यावरचा कचरा वेचण्याची चळवळ सुरू केली. ‘वेचणे’ आणि ‘धावणे’ या अर्थाचे दोन स्वीडिश शब्द जोडून तिला ‘प्लॉगिंग’ हे नाव मिळाले. भारतात २ ऑक्टोबर २०१९ रोजी, गांधीजींच्या दीडशेव्या जयंतीला, ‘फिट इंडिया’ मोहिमेत देशभर प्लॉग रन झाली. महाराष्ट्रात त्याआधीच पुण्यात विवेक गुरव यांनी ‘पुणे प्लॉगर्स’ हा गट उभा केला होता. नदीकाठ, टेकड्या आणि रस्ते हे त्या गटाचे कार्यक्षेत्र. शिक्षणासाठी ब्रिस्टलला गेल्यावर गुरव यांनी तिथेही हेच काम चालू ठेवले आणि २०२३ मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधानांचा ‘पॉइंट्स ऑफ लाइट’ सन्मान त्यांना मिळाला.

नावे परकी असली तरी या रीतीचा अर्धा भाग महाराष्ट्राला मुळीच नवा नाही. गाडगेबाबा गावात शिरत ते हातात खराटा घेऊन. आधी गाव झाडायचे, मग रात्री कीर्तन. विदर्भात तुकडोजी महाराजांनी ग्रामसफाई आणि सामुदायिक प्रार्थना गावाच्या नित्यक्रमात आणली आणि गुरुदेव सेवा मंडळांच्या शाखांनी ती गावोगाव नेली. सरकारने २०००-०१ पासून संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान चालवले. २०१६ मध्ये पाणी फाउंडेशनने वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत वॉटर कप स्पर्धा घेतली. दुसऱ्या वर्षी तालुके तीस झाले, तिसऱ्या वर्षी पंचाहत्तर. उन्हाळ्यातला सुमारे दीड महिना गावकरी पहाटे आणि रात्री चर खणत होते आणि १ मे २०१८ च्या महाश्रमदानाला शहरातले लोक फावडी घेऊन त्यांच्यात मिसळले.

मात्र श्रमदानाला आपल्याकडे मोहिमेचे वळण आहे. जयंती, पुण्यतिथी, शिबिर किंवा स्पर्धा असली की गाव लोटते आणि दिवस सरला की कुदळी कोपऱ्यात जातात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात बांधलेला बंधारा पुढच्या वर्षी कोण दुरुस्त करणार, हा प्रश्न बहुधा अनुत्तरित राहतो. धावणाऱ्याचे उलट असते. त्याचा आठवडा बांधलेला असतो. चार दिवस खंड पडला तर दम लागतो, हे त्याला शरीरच सांगते. श्रमदानाला कमी पडते ती नेमकी ही नियमितता.

गोंदिया जिल्ह्यात ही नियमितता रोज पहाटे रस्त्यावर दिसते. मोठ्या शहरांत धावणे हा बहुतेकांचा छंद आहे. इथे ते पुष्कळदा नोकरीचे साधन आहे. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, सोबत १०० मीटर आणि गोळाफेक, एकूण गुण ५०. वनरक्षकासाठी मुलांना पाच आणि मुलींना तीन किलोमीटर. अग्निवीर होण्यासाठी १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत आटोपले तर पूर्ण गुण. धानाच्या शेतीवर घर चालणाऱ्या आणि मोठे कारखाने मोजकेच असलेल्या या भागात ही मिनिटे-सेकंद घरात सगळ्यांना तोंडपाठ असतात. शाळेचे मैदान, गावाबाहेरचा डांबरी रस्ता, कालव्याची वाट, जिथे सपाट जमीन मिळेल तिथे मुले-मुली धावतात. त्यांच्या वाटेवरच, किंवा फार तर किलोमीटरभर आत, गावचा तलाव असतो.

हा तलाव म्हणजेच झाडीपट्टीचे, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या भागाचे, वैभव. इथे कोहळी समाजाच्या जाणत्यांनी आणि पुढे मालगुजारांनी, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांनी, हजारो तलाव बांधले. नवेगाव बांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे मानले जाते. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले आणि कागदोपत्री ‘माजी मालगुजारी तलाव’ झाले; बोलण्यात ते ‘मामा तलाव’. मालकी बदलली तशी निगाही सुटली. गाळ साचला, पाळीवर झुडपे माजली आणि उथळ काठावर बेशरम पसरली. जांभळट-गुलाबी फुलांची ही परदेशी वनस्पती दिसायला सुंदर आहे, पण ती काठ व्यापते, देशी पाणवनस्पतींना जागा ठेवत नाही आणि त्यांच्या आधाराने वाढणाऱ्या माशांचे आश्रय नाहीसे करते. याचा फटका सर्वांत आधी ढिवर कुटुंबांना बसतो, कारण त्यांची मासेमारी या तलावांवर आहे. अर्जुनी मोरगाव परिसरात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर स्त्री-पुरुषांना सोबत घेऊन बेशरम उपटणे आणि देशी पाणवनस्पती पुन्हा लावणे असे काम केले. ते यशस्वी झाले त्याचे मोठे कारण असे, की कोणती वनस्पती कुठे आणि कधी लावायची हे ज्ञान ढिवरांकडेच होते.

बेशरम काढणे हे धावत्या गटाला शोभणारे काम आहे. मात्र ते कसे करतात हे आधी शिकावे लागते. खोड वरून छाटले तर ती जोमाने फुटते आणि ओल्या मातीत पडलेला तुकडाही रुजतो. म्हणून मुळासकट उपटायचे आणि सगळे तुकडे काठापासून दूर कोरड्या जागी वाळत टाकायचे. पंधरा जणांकडून चाळीस मिनिटांत काठाचा लहानसाच पट्टा साफ होतो. पण दर रविवारी तोच गट आला तर नवे फुटवे कोवळे असतानाच निघतात आणि मोठ्या मोहिमेने न साधणारी गोष्ट साधते. तण एका दिवसाच्या उत्साहाने हटत नाही. पुन्हापुन्हा येणाऱ्या हातापुढे मात्र ते टिकत नाही.

कामाचे वेळापत्रक इथे हंगाम ठरवतो. मृगाचा पाऊस पडून जमीन ओलावली की रोपे लावायची. त्याहून मोलाचे काम पुढच्या उन्हाळ्यात त्यांना पाणी घालण्याचे. ते कोणी करत नाही, आणि धावत्या गटाला ते अगदी सोयीचे आहे. पाऊस ओसरताना, नाल्याला धार असेपर्यंत, वनराई बंधारा घालतात. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू-माती भरून, तोंडे शिवून, सांधे चुकवत थर रचले की पाणी अडते आणि काठावरच्या रब्बी पिकाला, गुरांना आणि विहिरींना त्याचा आधार होतो. पोते भरणारे दोघे, शिवणारा एक आणि बाकीच्यांची हातोहात साखळी अशी वाटणी केली तर पोती झपाट्याने पुढे सरकतात. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दिवसा दंडार हे लोकनाट्य आणि बाजार, रात्री नाटक, आणि सकाळी मैदानभर पत्रावळी, पेले, प्लास्टिक. प्लॉगिंगसाठी याहून नेमकी वेळ नाही. माघ पौर्णिमेची कचारगडची यात्रा आणि महाशिवरात्रीची प्रतापगडची यात्रा यांनंतरही अशीच गरज असते. कचारगड हे गोंड समाजाचे श्रद्धास्थान आहे, तेव्हा तिथे यात्रेच्या आयोजकांना विचारून आणि त्यांच्या सांगण्यानुसारच जायला हवे.

सारस पक्ष्यांचे प्रकरण जरा वेगळे आहे. महाराष्ट्रात सारसांचा मुख्य आसरा गोंदिया जिल्हाच. माणसाच्या उंचीचा हा पक्षी पावसाळ्यात धानाच्या बांधीत किंवा पाणथळीत घरटे करून एक-दोन अंडी घालतो. अशा जागी पंधरा जणांनी गलका करत धावणे म्हणजे त्याला हुसकावणे. इथे गटाची मदत दुसऱ्या प्रकारे होते. ‘सेवा’ ही गोंदियाची संस्था वनविभागाबरोबर उन्हाळ्याच्या अखेरीस पहाटे सारस गणना करते; ती अनेक ठिकाणी एकाच वेळी करावी लागते. पहाटे उठायची सवय असलेली, शिवारातल्या वाटा ठाऊक असलेली माणसे तिथे उपयोगी पडतात. फक्त धावणे थांबवून गप्प बसायचे असते.

एका फेरीचे गणित असे बसते. जाताना अडीच किलोमीटर सावकाश, साधारण पंधरा ते अठरा मिनिटे. चाळीस मिनिटे काम. पाच मिनिटे चालणे. मग परतीचे अडीच किलोमीटर. एकूण दीड तासाच्या आत सगळे घरी. फावडी, घमेली, कुदळी, विळे आणि पिण्याचे पाणी कामाच्या जागी आधीच पोहोचलेले असायला हवे, कारण अवजारे घेऊन धावणे धोक्याचे आहे. त्यासाठी जागेवर एक यजमान लागतो: सरपंच, शिक्षक, मच्छीमार संस्थेचा सदस्य किंवा बचत गटातली ताई. काम कुठून सुरू करायचे आणि कुठे थांबायचे हे त्याने सांगायचे असते. गट स्वतःच काम शोधत निघाला की बहुधा छायाचित्रात चांगले दिसणारे काम निवडतो. म्हणून काम गावाने मागितलेले असावे आणि तलाव, वनजमीन किंवा रस्ता ज्याच्या ताब्यात असेल त्याची परवानगी आधी घेतलेली असावी.

शरीराच्या बाजूनेही काही पथ्ये आहेत. धावण्याने पायांची आणि हृदयाची तयारी होते. पाठ, खांदे आणि पकड यांची फारशी होत नाही. घमेले उचलताना, पोते सरकवताना त्यांना काम मिळते आणि गोळाफेकीची तयारी करणाऱ्यांना ते चांगलेच मानवते. ओझे मात्र कंबरेत वाकून नव्हे, गुडघे वाकवून उचलायचे. वेगाच्या सरावाच्या दिवशी खणायला जाऊ नये. थकलेल्या स्नायूंना दुखापत पटकन होते. भरतीची चाचणी तोंडावर आलेल्याने शेवटचे पंधरा दिवस फक्त पाणी वाटले तरी चालते. एप्रिल-मेमध्ये इथला पारा पंचेचाळीस अंशांकडे झुकतो, तेव्हा सात वाजायच्या आत सगळे आटपावे आणि मीठ-साखरेचे पाणी सोबत असावे. पावसाळ्यानंतर गवतात स्क्रब टायफस पसरवणारे बारीक किडे असतात. २०१८ मध्ये नागपूरसह पूर्व विदर्भात या तापाची मोठी साथ आली होती. गवत कापताना पूर्ण विजार घालावी, घरी येताच अंघोळ करून कपडे धुवावेत. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नये. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पालगतच्या गावांत अंधारात आणि मोहफुलांच्या दिवसांत जंगलाकडेच्या वाटा टाळाव्यात. मोहावर अस्वल येते.

काही कामे गटाने करूच नयेत. तलावातला गाळ उपसणे, पाळीवर भर घालणे ही रोजगार हमीची कामे आहेत. महाराष्ट्राने १९७७ मध्ये कायदा करून या कामांना मजुरीचा हक्क जोडला. ती हौसेने फुकट केली तर कोणाच्या तरी चुलीवर त्याचा परिणाम होतो. नगरपालिकेच्या सफाई कामगारांचे नेमून दिलेले कामही तसेच. जे कोणाच्याच पगारात किंवा मजुरीत बसत नाही, तेवढेच श्रमदानाचे. पोरे पुण्या-हैदराबादला गेल्याने एकट्या राहिलेल्या आजीला औषध आणून देणे, तिच्या अंगणातली फांदी तोडणे, चार शब्द बोलणे, ही लंडनच्या ‘कोच’ची रीत गोंदियाच्या खेड्यात जशीच्या तशी बसते. फक्त इथे तिला वेगळे नाव लागत नाही. आजी हाच पुरेसा मान आहे.

भरतीची तयारी करणाऱ्यांचा गट स्वभावतःच फिरता असतो. निवड झाली की मुलगी पोलीस प्रशिक्षण केंद्रात जाते, मुलगा रेजिमेंटल सेंटरला. म्हणून प्रत्येक गटात निघून न जाणारे चार-पाच जण हवेत, शिक्षक, दुकानदार, शेतकरी, गृहिणी. ते हळू धावले तरी चालेल. कोणत्या रविवारी किती जण आले, काठाचा कुठला पट्टा साफ झाला, कुठले रोप वाळले, कोणत्या बंधाऱ्याचे कोणते पोते फाटले हे लिहिलेली वही त्यांच्याकडे राहते, आणि जूनमध्ये नवी मुले मैदानावर आली की पुढचा पट्टा त्या वहीवरून ठरतो.