अफू, मेंदू आणि पाचवे शील : कँडेस पर्ट यांच्या संशोधनातून आपण काय घ्यायचे?

अफू म्हटली की आपल्या चळवळीतल्या पोरांना आधी कार्ल मार्क्स आठवतो. अभ्यासवर्गात त्यावर तास-दोन तास चर्चा रंगते. पण अफू ही नुसती उपमा नव्हे. ती कष्टकऱ्यांच्या घरातली वस्तू होती. मुंबईच्या कापडगिरण्यांत पाळीवर जाणाऱ्या बाया तान्ह्या लेकराला अफू घातलेली ‘बाळगोळी’ देऊन जात. १९२० च्या दशकातल्या सरकारी अहवालांत याची नोंद आहे. पाळी दहा-दहा तासांची, पाळणाघर नाही, घरी सांभाळायला कोणी नाही. गोळी दिली की मूल रडत नसे, निपचित पडून राही, हगवण लागली असेल तर तीही थांबे. मात्रा जास्त झाली तर मात्र श्वासच मंदावे आणि मूल हातचे जाई. आज हे वाचून कोणी त्या आयांना नावे ठेवणार असेल, तर त्याने आधी पाळीचे तास मोजावेत.

एवढीशी गोळी वेदना, झोप, आतडी आणि श्वास या सगळ्यांना एकदम कशी पकडते? माणूस हजारो वर्षे अफू वापरत आला, पण या प्रश्नाचे ठोस उत्तर १९७३ साली मिळाले. ते उत्तर व्यसनमुक्तीचे काम करणाऱ्या प्रत्येक धम्मकार्यकर्त्याला माहीत असले पाहिजे, असे आम्हाला वाटते.

त्याआधी थोडे मागे जावे लागेल. १९०५ च्या सुमारास केंब्रिजमध्ये जॉन लँगली हे शास्त्रज्ञ कोंबडीच्या स्नायूवर प्रयोग करत होते. त्यांनी वापरलेले रसायन होते निकोटीन, म्हणजे आपल्या तंबाखू, मशेरी आणि खर्‍यातले तेच. निकोटीन लावले की स्नायू आखडे. क्युरारे नावाचे वनस्पतिज विष लावले की हे आखडणे थांबे. स्नायूकडे जाणारी नस तोडून ती निकामी झाल्यावरही निकोटीन काम करतच होते. यावरून लँगलींनी अनुमान काढले की औषध नसेवर नव्हे, तर स्नायूच्या पेशीतल्याच कोणत्या तरी ‘ग्रहण करणाऱ्या’ पदार्थावर जाऊन बसते. आज आपण त्याला रिसेप्टर म्हणतो, पाठ्यपुस्तकात ‘ग्राही’ म्हणतात. औषध म्हणजे किल्ली आणि रिसेप्टर म्हणजे कुलूप, ही उपमा बहुतेकांनी ऐकली असेल. एखादी किल्ली कुलूप उघडते. दुसरी आत जाऊन नुसती अडकून बसते आणि खऱ्या किल्लीला जागाच देत नाही.

पुढची साठ-पासष्ट वर्षे अफूचे कुलूप कोणाला हाती धरता आले नाही. ते असणार, असे सगळे म्हणत होते, इतकेच.

कँडेस पर्ट यांचा जन्म १९४६ चा. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सॉलोमन स्नायडर यांच्या प्रयोगशाळेत त्या औषधशास्त्रात पीएचडी करत होत्या. तिथे जाण्याआधी घोड्यावरून पडून पाठीला दुखापत झाली, तेव्हा रुग्णालयात त्यांना मॉर्फिन दिले गेले होते. ते औषध काय करते याचा अनुभव त्यांनी पुढे आपल्या आत्मचरित्रात लिहिला आहे. पदरी लहान मूल होते. पीएचडीचे हे काम हाती घेतले, तेव्हा वय पंचविशीच्या आसपास.

प्रयोगाची कल्पना समजायला सोपी आहे, करायला अवघड. उंदराच्या मेंदूचा लगदा करायचा. त्यात किरणोत्सारी खूण लावलेले औषध घालायचे. मग लगदा गाळून झटपट धुवायचा आणि किती औषध चिकटून राहिले ते यंत्राने मोजायचे. अडचण अशी की औषध कुठेही चिकटते. भिंतीवर चिखल मारला तरी चिकटतो, म्हणून भिंतीत चिखलासाठी खाच आहे असे होत नाही. मग खरे चिकटणे आणि उगाच चिकटणे यांत फरक कसा करायचा?

इथे निसर्गाने एक सोय करून ठेवली आहे. काही औषधांचे रेणू आरशातल्या प्रतिमेसारखे जोडीने असतात. घटक तेच, पण एक डाव्या पायाच्या चपलेसारखा, दुसरा उजव्या. लेव्होर्फेनॉल वेदना थांबवतो. त्याचा जोडीदार डेक्स्ट्रॉर्फन अफूसारखे काम करत नाही. खरे कुलूप असेल तर ते डावी-उजवी ओळखेल, चिखलाला असले काही कळत नाही. ही कसोटी स्टॅनफर्डच्या अ‍ॅव्हरम गोल्डस्टीन यांनी १९७१ मध्ये मांडली होती, पण त्यांच्या हाती पुरेसा स्पष्ट निकाल लागला नाही. पर्ट यांचेही सुरुवातीचे प्रयत्न फसले. मग त्यांनी किल्ली बदलली. अफूच्या जातीचे, पण कुलूप न उघडता आत घट्ट बसणारे नॅलोक्सोन वापरले आणि चित्र स्वच्छ दिसले. नॅलोक्सोनला जागेवरून हटवायला लेव्होर्फेनॉल अगदी थोडे पुरे, डेक्स्ट्रॉर्फन मात्र कितीतरी जास्त लागे. जे औषध वेदनेवर जितके जोरदार, ते तितक्या कमी मात्रेत ही जागा पटकावत होते. गिनीपिगच्या आतड्यातही हीच कुलपे सापडली, म्हणजे अफूने हगवण का थांबते हेही कळले. पर्ट आणि स्नायडर यांचा लेख मार्च १९७३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आला. त्याच वर्षी न्यूयॉर्कचे एरिक सायमन आणि स्वीडनचे लार्स टेरेनियस यांनीही स्वतंत्रपणे हेच दाखवले.

या शोधाने लगेच पुढचा प्रश्न उभा केला. खसखशीच्या बोंडातल्या चिकासाठी माणसाच्या मेंदूत कुलूप असेलच कशाला? शरीराची स्वतःची किल्ली असली पाहिजे. ती १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील अ‍ॅबरडीनला जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांना डुकराच्या मेंदूत सापडली. तिचे नाव एन्केफॅलिन. जखम झाल्यावर, जिवावर बेतल्यावर, दमल्यावर शरीर स्वतःच असे पदार्थ सोडते. अफू या दारातून आत शिरते, पण दार तिच्यासाठी बांधलेले नाही.

१९७८ चा लास्कर पुरस्कार ह्यूज, कोस्टरलिट्झ आणि स्नायडर यांना मिळाला. ज्या लेखावर पहिले नाव पर्ट यांचे होते, त्या लेखाच्या कामासाठी त्यांचे नाव नव्हते. प्रयोगशाळा ज्याची, श्रेय त्याचे, ही विज्ञानातली जुनी वहिवाट आहे. पर्ट गप्प बसल्या नाहीत. त्यांनी लेखी निषेध नोंदवला, आणि ‘भांडखोर बाई’ ही प्रतिमा त्यांना पुढे चिकटली. काम कोणी केले आणि हार कोणाच्या गळ्यात पडला, हा प्रश्न आपल्या वाचकांना नव्याने समजावून सांगायची गरज नाही. त्यांच्याबद्दल उगाच आरतीही नको. एड्सवर त्यांनी सुचवलेले पेप्टाइड टी हे औषध चाचण्यांत टिकले नाही, आणि उत्तरायुष्यात मन-शरीराबद्दल त्यांनी केलेली बरीच विधाने पुराव्याच्या पुढे धावणारी होती. २०१३ मध्ये त्या गेल्या. १९७३ चे काम मात्र पक्के उभे आहे.

आता आपल्या वस्तीकडे येऊ. व्यसन का जडते हे या कुलपांवरून बरेच उलगडते. बाहेरून रोज किल्ल्या येऊ लागल्या की पेशी स्वतःला जुळवून घेते. काही रिसेप्टर आत ओढून घेते, उरलेल्यांचा आवाज कमी करते. म्हणून काल जेवढ्याने भागत होते तेवढ्याने आज भागत नाही. आणि बाहेरचा पुरवठा एकदम थांबला की जुळवून घेतलेले शरीर उघडे पडते. हातपाय दुखतात, जुलाब लागतात, झोप उडते, जीव कासावीस होतो. हे नाटक नसते.

दारू हे दुसरे प्रकरण, पण सूत्र तेच. दारू मेंदूतला ‘गाबा’ रिसेप्टरचा ब्रेक दाबते आणि ग्लुटामेट रिसेप्टरचा वेग कमी करते. मेंदू वर्षानुवर्षे त्याविरुद्ध जोर लावत राहतो. दारू अचानक काढून घेतली की ब्रेक ढिला आणि वेग मोकाट. पहिल्या एक-दोन दिवसांत हात थरथरतात, घाम सुटतो, फिट येऊ शकते. नंतरच्या दोन-तीन दिवसांत भास, भ्रम आणि काही वेळा मृत्यू. ज्यांना आपल्याकडे ‘बटण’ म्हणतात त्या झोपेच्या गोळ्याही याच गाबा रिसेप्टरवर बसतात, त्यामुळे त्या एकदम बंद करण्यातही असाच धोका आहे.

आपल्या विहारांत जयंतीला, अशोक विजयादशमीला सामूहिक शपथा होतात. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, तेव्हा ते योग्यच आहे. पण वीस वर्षे रोज पिणारा एखादा काका सगळ्यांसमोर हात वर करतो आणि रात्रीपासून थरथरू लागतो, तेव्हा काय होते? कोणी म्हणते करणी झाली, कोणी म्हणते अंगात आले. सकाळी त्याने थरथर थांबवायला घोटभर घेतली की पोरे हसतात, ‘काका, शपथ एका रात्रीत मोडली का?’ काका त्यानंतर विहाराची पायरी चढत नाही. आम्ही ज्या वस्त्यांत काम करतो तिथे असे काका एकाहून अधिक आहेत. शपथ घेणाऱ्यांत रोज पिणारे कोण, हे आधी घरच्यांकडून समजून घेऊन त्यांना डॉक्टरकडे नेणे हा शपथविधीचाच भाग झाला पाहिजे. शील हुकमाने लादता येत नाही, ते स्वतः स्वीकारायचे असते, आणि ते पाळायला शरीर साथ देईल अशी व्यवस्था करणे हे संघाचे, म्हणजे आपले काम.

औषधे आहेत. पर्ट यांनी ज्या कुलपावर काम केले त्यावरच बसणारे नाल्ट्रेक्सोन दारूच्या ओढीवरही देतात, कारण दारूचा आनंद काही अंशी शरीराच्या स्वतःच्या अफूसारख्या पदार्थांतून येतो. ब्राऊन शुगर घेणाऱ्यांना ब्युप्रेनॉर्फिन दिले जाते. ते कुलूप अर्धवटच उघडते, त्यामुळे कासावीस होणे थांबते, पण नशा चढत नाही. ‘एक नशा सोडवून दुसरी लावली’ असा टोमणा काही कार्यकर्तेही मारतात, तो अज्ञानातून येतो. मात्र ही औषधे डॉक्टरांनीच द्यायची. अफूच्या जातीचे काही चालू असताना नाल्ट्रेक्सोन घेतले तर माणूस मिनिटांत तळमळू लागतो. ‘नवऱ्याला न कळता दारू सोडवा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांपासून ताईंना सावध करा. त्यात डायसल्फिरामसारखे काही असले आणि वर दारू प्यायली गेली तर जिवावर बेतू शकते.

व्हॉट्सअ‍ॅपवर एखाद दिवशी ‘बुद्धांना अडीच हजार वर्षांपूर्वीच रिसेप्टर ठाऊक होते’ असा मेसेज फिरेल. तो पुढे पाठवू नका. तथागतांनी प्रत्येक गोष्ट कारणांमुळे घडते हे पाहायला शिकवले. कारण नेमके कोणते, हे प्रयोगशाळेत शोधावे लागले.

शेवटी एक गोष्ट, जी केंद्रातून किंवा तुरुंगातून परतणाऱ्या मुलाच्या घरी सांगितलीच पाहिजे. काही आठवडे ब्राऊन शुगर थांबली की रिसेप्टर पुन्हा पूर्ववत होऊ लागतात. मुलाला मात्र जुनी मात्रा आठवते. घसरला आणि तेवढीच घेतली, तर आता ती श्वास थांबवायला पुरते. ओठ निळसर, घोरल्यासारखा आवाज, हलवूनही जाग नाही, असे दिसले तर पोलिसांच्या भीतीने लपवू नका. १०८ ला फोन करा, कुशीवर वळवून ठेवा, आणि काय घेतले ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. रुग्णालयात नॅलोक्सोनचे इंजेक्शन मिळाले तर तेच रेणू, ज्याने पर्ट यांना कुलूप दाखवले, मॉर्फिनला जागेवरून ढकलतो आणि श्वास परत चालू होतो. त्याचा परिणाम तास-दीड तासात ओसरतो, म्हणून शुद्धीवर आला तरी लगेच घरी आणू नका. व्यसनमुक्तीसाठी सरकारची मोफत हेल्पलाइन १४४४६ आहे. विहाराच्या फलकावर कार्यक्रमपत्रिकेशेजारी हा नंबर लिहून ठेवा.