जुनी जावा घेताना रंगाआधी नंबर पाहा

कापडाचा ताका हाती आला की आम्ही आधी काठ पाहतो, मग पोत, आणि छाप सर्वांत शेवटी. छाप कुणीही मारू शकतो. आमच्या बाजारातले काही व्यापारी आणि मेकॅनिक बांधव हल्ली जुन्या मोटारसायकलींच्या सौद्यात उतरले आहेत. त्यांनीही हाच क्रम ठेवावा. उदाहरणाला जावा घेऊ.

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात चेकोस्लोवाकियाच्या परवान्यावर १९६१ पासून जावा २५० तयार होऊ लागली. १९७० च्या दशकात ती येझदी नावाने निघू लागली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. जावाला येझदीपेक्षा भाव जास्त, म्हणून येझदीवर जावाची टाकी आणि बिल्ला चढवून विकण्याचे प्रकार होतात. आर.सी. बुकात साल १९८२ आणि टाकीवर नाव जावा असेल, तर ती येझदीच समजावी. येझदी वाईट नव्हे, पण भाव येझदीचाच द्यावा.

असल ओळख नंबरात असते. चॅसिस नंबर हँडलखालच्या गळ्यावर, इंजिन नंबर क्रँककेसवर. ग्रीस पुसून दोन्ही बुकाशी अक्षर अन् अक्षर ताडावेत. तेवढीच जागा कानशीने घासलेली, अंक वेडेवाकडे किंवा रंग ताजा दिसला तर बयाणा देऊ नये. गाडी चोरीची निघाली तर पोलीस ठाण्याच्या पायऱ्या घेणाऱ्यालाच चढाव्या लागतात.

लोहचुंबक मलमलीत गुंडाळून टाकी आणि मडगार्डवर फिरवावा. जिथे तो धरत नाही तिथे पुट्टी आहे. मूळ रंग विटलेली पण पूर्ण गाडी आम्ही नव्या रंगाच्या अर्धवट गाडीपेक्षा महाग घेऊ. कार्बुरेटर, मीटर, सायलेन्सर यांची नक्कल मिळते. असल शोधता शोधता नफा संपतो. सिलिंडर मूळ ६५ मि.मी.चा. हेड उघडून पिस्टनच्या माथ्यावरचा ओव्हरसाइजचा आकडा वाचावा. आणखी बोअरला जागा उरली नसेल तर स्लीव्हचा खर्च किमतीतून वजा करावा.

२०२१ च्या नियमाने ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली आणि चॅसिस-इंजिनात मोठा फेरफार न झालेली दुचाकी विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. अशी गाडी रोजच्या कामाला मात्र चालत नाही.

आमचा स्वतःचा बयाणा एकदा बुडता बुडता वाचला. गाडी चोख, नंबर चोख, पण बुक विकणाऱ्याच्या मरहूम वडिलांच्या नावावर. भाऊ राजी होते; दोन बहिणींना कुणी विचारलेच नव्हते, आणि हक्क तर त्यांचाही होता. आठ महिने गाडी आमच्या गोदामात ताक्यांमागे उभी राहिली. तेव्हापासून आम्ही आधी सर्व वारसांच्या सह्या पाहतो, आणि ३१ नंबरच्या फॉर्मवर गाडी वारसाच्या नावे चढल्यावरच बाकी रक्कम मोजतो.