मऊ आणि कडक : एका स्प्रिंगचे दोन स्वभाव

मांडीचे हाड मोडलेल्या रुग्णाबरोबर खानापूरहून बेळगावपर्यंत रुग्णवाहिकेत बसलेल्या डॉक्टरला रस्त्यातील प्रत्येक खड्डा रुग्णाच्या चेहऱ्यावर वाचता येतो. मालवाहू गाडीच्या सांगाड्यावर उभारलेल्या रुग्णवाहिकेचे पाटे मोठे ओझे पेलण्यासाठी घडवलेले असतात. आत एकच रुग्ण असला की ते फारसे लवतच नाहीत. बरे, स्प्रिंग मऊ करावी तर वळणावर गाडी कलते आणि ब्रेक दाबताच पुढे झुकते.

सित्रोएन या फ्रेंच कंपनीने हा पेच निराळ्या मार्गाने सोडवला. अभियंता पॉल माजेस यांच्या कल्पनेतून साकारलेली सस्पेन्शनची पद्धत घेऊन १९५५ साली ‘डीएस’ ही मोटार अवतरली. तिच्या प्रत्येक चाकाला पोलादी स्प्रिंगऐवजी एक पोकळ गोळा होता. त्यात रबरी पडद्याच्या एका बाजूस नायट्रोजन, दुसऱ्या बाजूस तेल. चाक उचलले गेले की तेल पडद्याला रेटते, वायू दबतो आणि जितका दबतो तितका अधिक प्रतिकार करतो. श्वसनक्रिया शिकताना भेटलेला बॉइलचा नियम तो हाच! ओझे वाढले तर एक झडप आणखी तेल सोडून गाडीची उंची पूर्ववत करते. पुढे याच पद्धतीच्या ‘सीएक्स’ मोटारी फ्रान्समध्ये रुग्णवाहिका म्हणून धावल्या.

१९८९ च्या ‘एक्सएम’मध्ये या तेलावर संगणकाचे नियंत्रण आले. पुढच्या दोन चाकांमध्ये एक आणि मागच्या दोन चाकांमध्ये एक असे जादा गोळे बसवले होते. विजेवर चालणारी झडप उघडी असली की वायूला अधिक जागा मिळून गाडी मऊ चाले. मिटली की जादा गोळा वेगळा पडे, डाव्या-उजव्या बाजूंतील तेलाची ये-जा थांबे आणि गाडी कडक होई. स्टिअरिंग किती झपाट्याने फिरले, ब्रेकचा दाब किती, वेग काय, हे संवेदक सतत कळवीत. गाडी कलल्यावर नव्हे, तर चालकाचा हात वळताच निर्णय होई, हे यातील मर्म. वीजपुरवठा तुटला तर झडप मिटलेलीच राही. आराम जाई, ताबा जात नसे.

दोष होताच. नायट्रोजन वर्षानुवर्षे पडद्यातून झिरपतो. गाडी इतकी सावकाश कडक होत जाते, की जुनाट विकाराच्या रुग्णाप्रमाणे मालकालाही त्याची सवय होऊन जाते. पुढे पोलादी स्प्रिंगच्या तुलनेत हा खर्च कंपनीलाही परवडेना. फ्रान्समधील ‘सी-५’चे उत्पादन २०१७ साली थांबले आणि त्याबरोबर सित्रोएनने ही पद्धतही सोडून दिली.