फिरत्या घराची वीज

प्रस्तावना

खटका दाबला की दिवा लागतो, ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, वीज कोठून येते याचा विचार सहसा आपण करीत नाही. ज्या ठिकाणी विजेच्या तारा पोहोचलेल्या नाहीत तेथे मुक्काम करण्याची वेळ आली, म्हणजे मात्र हा प्रश्न उभा राहतो. अशा वेळी वीज सोबत न्यावी लागते. मोटारीमागे जोडून नेता येणाऱ्या फिरत्या घरात, म्हणजेच कॅराव्हॅनमध्ये, वीज पुरवण्यासाठी लहान जनित्र कसे वापरतात, त्याचा हिशेब कसा मांडतात आणि ते वापरताना कोणते भान ठेवावे लागते, याची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे.

मूलपाठ

राजधानीच्या परिसरातील जनित्र

दिल्ली आणि तिच्या भोवतालचे हरियाणा, उत्तर प्रदेश व राजस्थान या राज्यांतील काही जिल्हे मिळून राष्ट्रीय राजधानी क्षेत्र बनले आहे. या भागातील लोकांना जनित्र नवे नाही. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत उन्हाळ्यातील वीजकपात ही येथील नित्याची बाब होती. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या श्रीराम होंडा या भारतीय-जपानी संयुक्त उद्योगाची उचलून नेता येण्याजोगी जनित्रे त्या काळात घरांच्या गच्चीवर आणि दुकानांपुढील पदपथावर दिसू लागली. लग्नाच्या वरातीतही जनित्राचे स्थान ठरून गेले. डोक्यावर किंवा खांद्यावर झगमगते दिवे घेतलेली माणसे दोन्ही बाजूंनी चालत, ते दिवे एकमेकांना तारेने जोडलेले असत आणि सर्वांत मागे हातगाडीवर धडधडणारे जनित्र येई. वीज माणसाबरोबर चालू शकते, हे दिल्लीकरांनी या वरातींतच पाहिले होते.

३० जुलै २०१२ रोजी उत्तर भारताचे वीजजाळे कोलमडले. दुसऱ्या दिवशी उत्तरेबरोबर पूर्व आणि ईशान्य भारताचाही वीजपुरवठा खंडित झाला. साठ कोटींहून अधिक लोकवस्तीचा प्रदेश त्यात सापडला आणि दिल्लीची मेट्रो जागच्या जागी थांबली. त्या दोन दिवसांत इस्पितळे, दूरध्वनी केंद्रे आणि उंच इमारतींतील उद्वाहने यांचा भार जनित्रांनीच उचलला.

आज जनित्राला आणखी एक काम मिळाले आहे. सुटीच्या दिवशी सोहन्याजवळच्या दमदमा तलावाकडे, अरवलीच्या पायथ्याशी किंवा त्याही पुढे हिमालयाच्या दिशेने मुक्कामी सहली निघतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. फिरत्या घरात राहण्याची ही पद्धत आपल्या देशात हळूहळू रुजत आहे. घर फिरते झाले तरी घरातल्या गरजा मात्र घरी राहत नाहीत. दिवा, पंखा, फ्रिज आणि मोबाइल फोन या साऱ्यांना वीज हवीच असते.

जनित्राचे कार्य

तारेचे वेटोळे आणि चुंबक यांपैकी एक दुसऱ्याजवळ हलते ठेवले, तर तारेत विद्युतप्रवाह निर्माण होतो. मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३१ मध्ये हे तत्त्व सिद्ध केले. धरणावरचे प्रचंड जनित्र असो वा हातात उचलून नेण्याजोगे जनित्र असो, दोन्ही याच तत्त्वावर चालतात. फरक इतकाच, की धरणावर पाणी चक्र फिरवते आणि लहान जनित्रात ते काम पेट्रोलचे इंजिन करते.

आपल्याकडील उपकरणे २३० व्होल्ट दाबाच्या आणि सेकंदाला ५० वेळा आवर्तन पावणाऱ्या विजेवर चालतात. त्यासाठी साध्या लहान जनित्राचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे या ठरावीक वेगाने फिरत राहावे लागते. एक दिवा लावला काय किंवा दहा लावले काय, वेग तोच राहतो. इन्व्हर्टर पद्धतीच्या नव्या जनित्रात निर्माण झालेली वीज प्रथम एकदिश करतात आणि मग इलेक्ट्रॉनिक मंडलाच्या साहाय्याने तिचे पुन्हा ५० आवर्तनांच्या प्रत्यावर्ती विजेत रूपांतर करतात. त्यामुळे भार कमी असेल तेव्हा इंजिन मंद फिरू शकते. असे जनित्र महाग असते. परंतु ते कमी इंधन खाते आणि कमी आवाज करते.

भाराचा हिशेब

जनित्र घेण्यापूर्वी आपल्याला किती वीज लागणार आहे याचे गणित मांडले पाहिजे. एका लहान कुटुंबाचे उदाहरण घेऊ. प्रत्येकी ९ वॅटचे चार एलईडी दिवे म्हणजे ३६ वॅट. प्रत्येकी ५० वॅटचे दोन पंखे म्हणजे १०० वॅट. लहान फ्रिज १२० वॅट, लॅपटॉप ६० वॅट आणि मोबाइल फोनचे चार्जर मिळून २४ वॅट. एकूण बेरीज ३४० वॅट होते.

या बेरजेवर विसंबून चालत नाही. फ्रिजमधील मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट वीज ओढते. ती ६०० वॅट धरली, तर त्या क्षणी एकूण मागणी ८२० वॅटवर जाते. जनित्राची क्षमता सामान्यतः किलोव्होल्ट-अँपिअर या एककात सांगतात. त्यातून वॅट काढण्यासाठी साधारणपणे ०.८ ने गुणतात. म्हणजे एक किलोव्होल्ट-अँपिअरचे जनित्र ८०० वॅट देईल. ते या कुटुंबाला अपुरे पडेल. दीड ते दोन किलोव्होल्ट-अँपिअरचे घ्यावे लागेल. एक टनाच्या वातानुकूलन यंत्राची भर घातली, तर चालू स्थितीतच हजार वॅटहून अधिक वीज लागते आणि सुरू होतानाची मागणी त्याच्याही पुढे जाते. तेव्हा मोठे, जड आणि अधिक इंधन खाणारे जनित्र आणावे लागते. म्हणूनच उकाड्यात मुक्काम करताना झाडाची सावली शोधणे हाही विजेच्या हिशेबाचाच एक भाग ठरतो.

उंचीचाही विचार करावा लागतो. हवा विरळ झाली की इंजिनाची शक्ती घटते. समुद्रसपाटीपासून दर हजार मीटरला ही घट सुमारे दहा टक्के असते. दिल्लीत पुरेसे वाटणारे जनित्र सुमारे दोन हजार मीटर उंचीवरील मसुरीला नेल्यास त्याची ताकद एक पंचमांशाने कमी झालेली आढळते.

खर्चाची बाजूही पाहण्याजोगी आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा साठलेली असते. त्यांतील बहुतेक उष्णतेच्या रूपाने वाया जाते आणि लहान जनित्रातून प्रत्यक्षात दीड ते दोन युनिट वीज हाती येते. पेट्रोलचा दर लिटरला शंभर रुपये धरला, तर एक युनिट पन्नास ते पासष्ट रुपयांच्या घरात पडते. तारेतून येणारी वीज याच्या तुलनेत किती स्वस्त असते, हे घरच्या वीजबिलावरून सहज पडताळता येईल.

न दिसणारा वायू

जनित्राच्या वापरातील सर्वांत मोठा धोका विजेचा धक्का हा नसून धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा आहे. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरते. त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला ऑक्सिजन मिळेनासा होतो. डोके दुखणे, चक्कर येणे, मळमळणे आणि ग्लानी येणे ही त्याची लक्षणे होत. झोपलेल्या माणसाला ती जाणवतही नाहीत. हिवाळ्यात बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपलेल्या माणसांच्या मृत्यूच्या बातम्या उत्तर भारतात वारंवार येतात. तेथे घात करणारा वायू हाच असतो.

फिरते घर लहान असते. थंडीच्या दिवसांत त्याची दारे-खिडक्या बंद असतात. म्हणून जनित्र घराच्या आत, घराखाली, गाडीच्या डिकीत किंवा तंबूच्या पडवीत कधीही चालवू नये. ते घरापासून निदान सहा मीटर दूर, मोकळ्या जागी ठेवावे. धूर सोडणाऱ्या नळीचे तोंड घराच्या विरुद्ध दिशेला असावे आणि वारा घराकडे वाहत नाही याची खात्री करावी. एखादी खिडकी उघडी ठेवली म्हणजे भागले, असे समजणे चुकीचे आहे. त्याच खिडकीतून हा वायू आत येऊ शकतो. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे लहानसे यंत्र बाजारात मिळते, ते झोपण्याच्या जागेजवळ लावावे. एकाच वेळी अनेकांचे डोके दुखू लागले, तर सर्वांना तत्काळ मोकळ्या हवेत आणावे आणि ११२ या क्रमांकावर मदत मागावी.

पेट्रोल भरण्यापूर्वी जनित्र बंद करून थंड होऊ द्यावे. तापलेल्या इंजिनावर सांडलेले पेट्रोल क्षणात पेट घेते. इंधनाचा डबा झोपण्याच्या जागेत ठेवू नये. जनित्र कोरड्या जागी ठेवावे, निर्मात्याच्या सूचनेप्रमाणे भूसंपर्क करावा आणि बाहेर वापरण्यास योग्य अशी तीन तारांची जाड केबल घ्यावी. घरी वीज गेली असता जनित्राची तार भिंतीतील प्लगमध्ये खोचण्याचा मोह काहींना होतो. तसे केल्यास वीज उलट्या दिशेने बाहेरच्या तारांत शिरते आणि खांबावर दुरुस्ती करणाऱ्या कामगाराचा जीव धोक्यात येतो.

शेजाऱ्याची झोप

जनित्राची वीज त्याच्या मालकाला मिळते. त्याचा आवाज मात्र सर्वांच्या वाट्याला येतो. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० यांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने कमी होतो. एखाद्या जनित्राचा आवाज सात मीटरवर ६५ डेसिबल असेल, तर तो चौदा मीटरवर ५९, अठ्ठावीस मीटरवर ५३ आणि छप्पन्न मीटरवर ४७ भरेल. म्हणजे पन्नास मीटरपलीकडे तंबू ठोकलेल्या माणसालाही रात्रीच्या शांततेत तो खुपणारच.

झोप काय केवळ माणसांनाच असते? गुरुग्रामजवळच्या सुलतानपूर राष्ट्रीय उद्यानातील पाणथळ जागेला २०२१ मध्ये रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. हिवाळ्यात तेथे दूरदेशीचे पक्षी उतरतात. अशा परिसरात रात्रभर इंजिन धडधडत ठेवणे म्हणजे, जे पाहण्यासाठी आपण आलो तेच उधळून लावणे होय.

सर्वांची हवा

दिल्लीच्या हवेचा प्रश्न जगजाहीर आहे. हिवाळ्यात वारा मंदावतो, जमिनीलगतची थंड हवा वर सरकत नाही आणि धूर व धूळ खालीच कोंडून राहतात. हवेची स्थिती बिघडेल त्या प्रमाणात टप्प्याटप्प्याने उपाय करणारी कृती योजना केंद्र सरकारने जानेवारी २०१७ मध्ये अधिसूचित केली. २०२१ च्या कायद्याने राजधानी क्षेत्रासाठी वायुगुणवत्ता व्यवस्थापन आयोगाला वैधानिक अधिष्ठान मिळाले. या योजनेत वाहने, बांधकामे आणि कारखाने यांच्याबरोबर डिझेल जनित्रांवरील निर्बंधांचाही समावेश आहे. म्हणून हिवाळ्यात प्रवासाला निघताना त्या दिवशी कोणते निर्बंध लागू आहेत, हे आधी पाहून घेणे हितावह ठरते.

एका लहान जनित्राने शहराची हवा कितीशी बिघडणार, असे कोणी विचारील. पण पदपथावरच्या प्रत्येक दुकानदारानेही हेच विचारले होते. दुकानामागून दुकान जोडले गेले आणि गल्ली धुराने भरून गेली.

रात्रीचा उपाय

जनित्र मुळीच वापरू नये, असा याचा अर्थ नाही. त्याला थोडा वेळ आणि नेमके काम द्यावे. वरील उदाहरणातील कुटुंबाला रात्री दोन पंखे आणि एक दिवा आठ तास हवा असेल, तर (१०० + ९) × ८, म्हणजे ८७२ वॅट-तास वीज लागेल. ती एका युनिटपेक्षाही कमी आहे. १२ व्होल्टची १०० अँपिअर-तास क्षमतेची बॅटरी १.२ युनिट साठवते. शिसे-आम्ल प्रकारच्या बॅटरीतील निम्मीच वीज वापरावी असा संकेत असल्याने तशा दोन बॅटऱ्या घ्याव्या लागतील. लिथियम प्रकारची एक पुरेल. संध्याकाळी जनित्र काही तास चालवून बॅटरी भरून घेतली की ते रात्री बंद ठेवता येते. फ्रिजचे दार उघडले नाही, तर आतला थंडावाही बराच काळ टिकतो. छतावर २०० वॅटचे सौर पटल बसवले, तर स्वच्छ उन्हाच्या दिवशी ते पाऊण ते एक युनिट वीज देते. मग जनित्र हे नेहमीचे साधन न राहता अडचणीच्या वेळचा आधार बनते.

तारेतून वीज येते तेव्हा तिचा धूर दूरच्या वीजकेंद्रात राहतो आणि आपल्याला दिसत नाही. फिरत्या घराबरोबर वीजकेंद्रही आपल्या दाराशी येते. किती वीज लागते, तिच्यासाठी किती इंधन जळते आणि तिचा धूर कोणाच्या श्वासात जातो, हे तिन्ही प्रश्न तेथे एकाच वेळी समोर उभे राहतात. त्यांची उत्तरे देण्याची सवय जडली, तर ती घरी परतल्यावरही उपयोगी पडेल.

पाठान्त प्रश्न

१. साधे जनित्र आणि इन्व्हर्टर पद्धतीचे जनित्र यांतील फरक तुमच्या शब्दांत सांगा.
२. उपकरणांच्या वॅटची नुसती बेरीज करून जनित्र का निवडू नये? पाठातील उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करा.
३. 'खिडकी उघडी ठेवली म्हणजे धोका टळला' हे मत चुकीचे का आहे?
४. तुमच्या घरातील रात्रीच्या वापराच्या उपकरणांची यादी करून एका रात्रीसाठी किती युनिट वीज लागते ते काढा.