विश्लेषण: परवानगी नाकारली, तरी ॲपला माहिती मिळाली कशी? फोनमधलं ‘आयऑक्टल’ काय असतं?

‘या ॲपला परवानगी द्यायची का?’ अशी चौकट स्क्रीनवर आली की आपण हो किंवा नाही दाबतो आणि पुढे जातो. नाही म्हटलं की विषय संपला, असं आपल्याला वाटतं.

पण २०१९ मध्ये अमेरिका, कॅनडा आणि स्पेनमधल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी अँड्रॉइडवरची ८८ हजारांहून अधिक ॲप्स तपासली होती. त्यातली ४२ ॲप्स फोनचा ‘मॅक ॲड्रेस’ वाचताना आढळली. त्यासाठी लागणारी परवानगी त्यांच्याकडे नव्हती. मॅक ॲड्रेस म्हणजे फोनमधल्या वायफायच्या भागाला कारखान्यातच मिळालेला ओळख क्रमांक. जाहिरातींसाठीचा आयडी आपण बदलू शकतो. हा क्रमांक मात्र फोन रीसेट केला तरी तोच राहतो. म्हणजे एखाद्यावर कायमची पाळत ठेवायला तो फार सोयीचा.

या ॲप्सनी कोणतंही कुलूप फोडलं नव्हतं. ऑपरेटिंग सिस्टीममध्ये गेली ४० वर्षं असलेलं एक साधं दार त्यांनी वापरलं. त्या दाराचं नाव ‘आयऑक्टल’, म्हणजे इनपुट-आउटपुट कंट्रोल.

आधी कर्नेल म्हणजे काय?

फोन असो वा लॅपटॉप, त्यातला कॅमेरा, वायफाय, स्पीकर यांना ॲप थेट हात लावू शकत नाही. या सगळ्यांचा ताबा ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याकडे असतो. त्यालाच कर्नेल म्हणतात. अँड्रॉइडमध्ये हा गाभा लिनक्सचा आहे.

सरकारी कचेरीत नागरिक रेकॉर्ड रूममध्ये शिरत नाही. तो खिडकीवर अर्ज देतो, आतला कर्मचारी कागद शोधतो आणि उत्तर खिडकीतूनच बाहेर येतं. ॲप आणि कर्नेल यांचं नातं तसंच आहे. खिडकीमागे प्रत्येक उपकरणासाठी वेगळा कर्मचारी बसलेला असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. कॅमेऱ्याचा वेगळा, वायफायचा वेगळा, ग्राफिक्स चिपचा वेगळा.

मग आयऑक्टलची गरज का पडली?

लिनक्सने ज्या युनिक्सचा कित्ता गिरवला, ती ऑपरेटिंग सिस्टीम १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये आकाराला येऊ लागली. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची हे तिचे मुख्य शिल्पकार. त्यांनी एक सुटसुटीत कल्पना धरली: प्रत्येक उपकरणाकडे फाईल म्हणून बघायचं. फाईल उघडा, वाचा, लिहा, बंद करा. प्रिंटरला मजकूर पाठवायचा म्हणजे प्रिंटर नावाच्या फाईलमध्ये लिहायचं. कीबोर्डवर काय टाईप झालं हे बघायचं म्हणजे कीबोर्डच्या फाईलमधून वाचायचं.

पण प्रत्येक काम या चार अर्जांत बसत नाही. टर्मिनलचा वेग बदलायचा असेल तर? सीडीचा ट्रे बाहेर काढायचा असेल तर? स्क्रीनवर किती ओळी मावतात हे विचारायचं असेल तर? यात वाचण्यासारखा किंवा लिहिण्यासारखा मजकूर नसतो. असतो तो फक्त हुकूम किंवा प्रश्न.

सुरुवातीला टर्मिनलच्या सेटिंगसाठी वेगळी सोय होती. १९७९ मध्ये आलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत सगळ्याच उपकरणांसाठी एक सामायिक अर्ज आला, तो आयऑक्टल. नेहमीच्या चार अर्जांत न बसणारं सगळं या ‘इतर’ खान्यात जाऊ लागलं.

त्या काळाची एक खूण आजही शिल्लक आहे. एखाद्या उपकरणाला न कळणारा हुकूम पाठवला, तर कर्नेल ज्या नावाची चूक परत करतं त्याचा जुना अर्थ आहे ‘हा टाइपराइटर नाही’. तेव्हा कॉम्प्युटरला टेलिप्रिंटरसारखी यंत्रं जोडलेली असत आणि हे हुकूम बहुतेक वेळा त्यांच्यासाठीच असत. यंत्रं गेली, चुकीचं नाव मात्र राहिलं.

हा निरोप असतो तरी कसा?

आयऑक्टलच्या प्रत्येक निरोपात तीन गोष्टी असतात. कोणत्या उपकरणाला, कोणता हुकूम आणि सोबतची माहिती मेमरीत कुठे ठेवली आहे. उत्तर द्यायचं असेल तर कर्नेल ते बहुतेक वेळा त्याच जागी लिहून ठेवतं. म्हणजे अर्ज भरलेल्या कागदावरच शेरा मारून कागद परत, असा प्रकार.

हुकूम म्हणजे एक आकडा. लिनक्समध्ये त्यासाठी ३२ बिट असतात आणि आजच्या बहुतेक फोनमध्ये त्यांची वाटणी अशी होते. २ बिट माहितीची दिशा सांगतात: फक्त पाठवायची, फक्त आणायची, दोन्ही की काहीच नाही. १४ बिट सोबतच्या माहितीचा आकार सांगतात. ८ बिट कोणत्या ड्रायव्हरच्या घराण्यातला हुकूम आहे ते सांगतात आणि उरलेले ८ बिट त्या घराण्यातला अनुक्रमांक.

लॅपटॉपचा वेबकॅम घ्या. लिनक्सवर व्हिडिओ कॉल सुरू करताना आधी ‘तुला काय काय जमतं?’ हा निरोप जातो. मग ‘या आकाराचं चित्र दे’ आणि त्यानंतर ‘सुरू कर’. पुढे प्रत्येक फ्रेमसाठी साधारण दोन निरोप लागतात. एक भरलेली फ्रेम घेण्यासाठी, दुसरा रिकामी जागा परत देण्यासाठी. सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे एका सेकंदात सुमारे ६० निरोप. आपल्याला यातलं काहीच दिसत नाही.

फोनमध्ये परवानगी तपासतं कोण?

अँड्रॉइडमध्ये ॲपला कॅमेऱ्याच्या ड्रायव्हरपर्यंत सरळ जाता येत नाही. ॲप आधी कॅमेरा सांभाळणाऱ्या सिस्टीमच्या सेवेकडे विनंती करतं. तुम्ही परवानगी दिली आहे का, हे ती सेवा बघते. मगच पुढचे निरोप कर्नेलकडे जातात.

ही विनंती नेण्याचं काम ‘बाइंडर’ नावाचा ड्रायव्हर करतो. आणि बाइंडरशी बोलायची पद्धत कोणती? पुन्हा आयऑक्टलच. त्याचा मुख्य हुकूम दुतर्फा आहे. आजच्या ६४ बिटच्या फोनवर त्यासोबत ४८ बाइटची माहिती जाते. नोटिफिकेशन असो, लोकेशन असो की शेअर बटण, ॲपने सिस्टीमकडे काहीही मागितलं की हा हुकूम जातो.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. परवानगीची चौकट मधल्या सेवेच्या दारात असते. एखादी माहिती मधल्या सेवेला वळसा घालून थेट कर्नेलकडून मिळत असेल, तर ती चौकट वाटेत येतच नाही.

मॅक ॲड्रेसच्या बाबतीत तेच झालं. नेहमीच्या मार्गाने विचारलं की परवानगी तपासली जायची. पण नेटवर्कची माहिती विचारणारा जुना आयऑक्टल हुकूम कर्नेलला थेट पाठवला, की उत्तर मिळायचं. अभ्यासानुसार हे काम गेम बनवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘युनिटी’च्या तयार कोडमधून होत होतं. ४२ ॲप्स प्रत्यक्ष तसं करताना दिसली. तो कोड मात्र १२,४०८ ॲप्समध्ये होता.

एका हुकमामुळे अख्खा फोन ताब्यात जाऊ शकतो?

हो, आणि तसं घडलंही आहे. बाइंडरला पाठवायचा आणखी एक हुकूम आहे, ‘माझं काम संपलं, माझी जागा मोकळी कर’. त्यात एक चूक राहून गेली होती. भाडेकरूने खोली सोडली, मालकाने ती दुसऱ्याला दिली, पण जुनी किल्ली तिसऱ्याच कुणाकडे राहिली, तर काय होईल? तसंच इथे झालं. बाइंडर मेमरीतली जागा मोकळी करायचा, पण कर्नेलच्या दुसऱ्या एका भागाकडे तिचा पत्ता तसाच राहायचा. हल्लेखोराला त्या जागेत आपल्या सोयीची माहिती भरून कर्नेलला फसवता येत होतं. आणि एकदा कर्नेल फसलं, की परवानग्यांना काही अर्थ उरत नाही.

ही चूक २०१७ च्या अखेरीस कर्नेल तपासणाऱ्या एका स्वयंचलित साधनाला सापडली. २०१८ च्या सुरुवातीला लिनक्समध्ये ती दुरुस्तही झाली. पण अँड्रॉइडच्या दरमहा येणाऱ्या सुरक्षा पत्रकात तिची नोंद झाली नाही. त्यामुळे ती दुरुस्ती अनेक फोनपर्यंत पोहोचलीच नाही.

सप्टेंबर २०१९ मध्ये गुगलच्याच ‘प्रोजेक्ट झिरो’ गटातल्या संशोधक मॅडी स्टोन यांनी ही चूक पुन्हा पुढे आणली. तोवर तिचा प्रत्यक्ष वापर सुरू असल्याची माहिती गटाकडे आली होती. इस्रायलची एनएसओ कंपनी हे साधन वापरते किंवा विकते, असा आरोपही त्या माहितीत होता. कंपनीने तो फेटाळला. चूक असलेल्या फोनच्या यादीत गुगलचे पिक्सेल १ आणि २, सॅमसंगचे एस ७, एस ८ आणि एस ९, तसंच शाओमीचे रेडमी ५ए आणि रेडमी नोट ५ होते. यातले अनेक मॉडेल भारतातही विकले गेले होते.

जानेवारी २०२० मध्ये ‘ट्रेंड मायक्रो’ या सायबर सुरक्षा कंपनीने प्ले स्टोअरवरची तीन घातक ॲप्स उघड केली. फोटो आणि फाईल मॅनेजरच्या रूपात ती वावरत होती. त्यातल्या एकाने फोन ताब्यात घेण्यासाठी हीच चूक वापरली होती. बाइंडर प्रत्येक ॲपला वापरावाच लागतो. त्यामुळे हा हुकूम पाठवायला वापरकर्त्याची कोणतीही परवानगी लागत नव्हती.

हे फक्त अँड्रॉइडवरच होतं का?

नाही. विंडोजमध्येही ड्रायव्हरला असे हुकूम पाठवायची सोय आहे. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ या लोकप्रिय गेमसोबत, फसवून खेळणाऱ्यांना रोखण्यासाठी एक ड्रायव्हर येत असे. समोरून येणारा हुकूम गेमकडूनच आला आहे का, याची पुरेशी खातरजमा तो करत नव्हता. २०२२ मध्ये खंडणीखोर हल्लेखोरांनी तो ड्रायव्हर स्वतःच कॉम्प्युटरवर आणून बसवला आणि त्याच्याकरवी अँटीव्हायरस बंद पाडला. त्या कॉम्प्युटरवर गेम असायची गरजही नव्हती.

हे दार बंदच का करत नाहीत?

कारण ते बंद केलं तर कॅमेरा, ग्राफिक्स, बाइंडर सगळंच थांबेल. अडचण दाराची नाही, दारामागच्या गर्दीची आहे. चार ठरलेल्या अर्जांचे नियम सगळीकडे सारखे असतात. आयऑक्टलचे हुकूम मात्र प्रत्येक चिप कंपनी आपल्या ड्रायव्हरसाठी स्वतः ठरवते आणि त्यांची तपासणीही तिनेच करायची असते. २०१६ मध्ये अँड्रॉइडच्या सुरक्षा टीमने म्हटलं होतं, की अँड्रॉइडवर नोंदल्या गेलेल्या कर्नेलच्या बहुतेक चुका ड्रायव्हरमध्ये असतात आणि आयऑक्टलमार्गेच त्यांच्यापर्यंत पोहोचता येतं.

म्हणून आता दारावर यादी लावली जाते. ॲपने कोणत्या ड्रायव्हरला कोणते हुकूम पाठवावेत हे अँड्रॉइड ठरवून देतं. यादीबाहेरचा हुकूम ड्रायव्हरपर्यंत पोहोचण्याआधीच अडवला जातो. मॅक ॲड्रेसची पळवाटही अँड्रॉइड १० मध्ये बुजवली गेली. विंडोज ११ मध्ये २०२२ च्या अपडेटपासून, धोकादायक म्हणून माहीत असलेल्या ड्रायव्हरची बंदी यादी आपोआप लागू असते.

तुम्ही काय करायला हवं?

परवानगी नाकारणं आजही गरजेचंच आहे. पण ती अंमलात आणणारं कर्नेल धड असेल, तरच तुमच्या ‘नाही’ला वजन आहे. ते धड ठेवायचं काम सुरक्षा अपडेट करतं.

सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’खाली अँड्रॉइडच्या सिक्युरिटी अपडेटची तारीख दिसते. काही फोनमध्ये ती ‘सिक्युरिटी’ या भागात असते. ती काही महिन्यांपूर्वीची असेल तर अपडेट आलं आहे का बघा. आलं असेल तर ‘नंतर’ न दाबता ते घ्या. फोनला अपडेट येणंच बंद झालं असेल, तर त्यावर बँकेची ॲप्स ठेवायची का, याचा विचार करा. अनोळखी ॲप्स टाकणं तर टाळाच. प्ले स्टोअरवर आहे म्हणजे सुरक्षित आहे असं नाही, हे त्या तीन ॲप्सनी दाखवून दिलं आहे.

नवा फोन घेताना कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, हे आपण हमखास विचारतो. सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार, हेही दुकानदाराला विचारा.