उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची? थांबा जरा!

परीक्षा संपत आल्या की कॉलेजच्या ग्रुपवर ट्रिपचे प्लॅन सुरू होतात. कोकण, गोवा, नाहीतर समृद्धीवरून थेट नागपूर. त्यात हल्ली एकजण तरी म्हणतोच, ‘हॉटेल कशाला? भाड्याने कॅम्परव्हॅनच घेऊ!’ झोपायला बेड, चहाला गॅस, इन्स्टावर तर एकदम भारी. मग प्लेलिस्ट कुणाची आणि वरचा बेड कुणाला, यावर शेकडो मेसेज पडतात. टायरमध्ये हवा किती, यावर एकही नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मात्र कुणाचे तरी काका हमखास सांगतात, ‘उन्हाळा आहे, हवा जरा कमीच ठेवा रे. रस्ता तापला की टायर फुटतो.’ सल्ला पटतोसुद्धा. तापली की हवा प्रसरण पावते, हे आपण शाळेत शिकलोय. पण नेमका हाच सल्ला घात करू शकतो.

का, ते बघा. कंपनीने दिलेला पीएसआयचा आकडा थंड टायरचा असतो. २० अंशांना ३५ पीएसआय हवा भरली आणि पळून पळून टायरमधली हवा ६० अंशांवर गेली, तर दाब साधारण ४२ होतो. अकरावीचं गणित आहे, करून बघा. ही वाढ होणार, हे टायर बनवणाऱ्याने आधीच धरलेलं असतं. चांगला टायर तेवढ्याने फुटत नाही.

फुटतो तो बहुतेकदा कमी हवेचा टायर. हवा कमी असली की टायर खाली बसतो आणि त्याच्या बाजू प्रत्येक फेऱ्यात दबतात, सरळ होतात, पुन्हा दबतात. लोखंडी तार एकाच जागी भराभर पुढे-मागे वाकवून बघा, बोटाला चटका बसेल. टायरमध्ये तेच होतं. ताशी १०० च्या वेगात चाकाचे मिनिटाला आठशेच्या आसपास फेरे होतात. आतल्या आत रबर तापतं, धाग्यांचे थर सुटायला लागतात आणि मग धडाम. शहरात सिग्नलला, ट्रॅफिकला टायर थोडा तरी निवतो. ७०१ किलोमीटरच्या, सरळसोट काँक्रीटच्या समृद्धीवर तुम्ही तासन्‌तास एकाच वेगात असता. तिथे ‘जरा कमी’ हवा महागात पडते. (काकांना हे कसं सांगायचं, ते तुमचं तुम्ही बघा.)

कॅम्परव्हॅनची गोष्ट तर आणखी वेगळी. साधी गाडी कधी रिकामी, कधी भरलेली असते. कॅम्पर कायमच भरलेली. बेड, फ्रिज, बॅटऱ्या, आणि पाण्याची टाकी. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, जवळजवळ दोन मित्र जास्तीचे बसवल्यासारखं. त्यात तुम्ही सहाजण आणि तुमच्या बॅगा. शिवाय ओटा, टाकी एकाच बाजूला असेल तर तिकडच्या चाकांवर भार जास्त. अशा वेळी एकाच एक्सलवरच्या डाव्या-उजव्या टायरमध्ये हवा सारखीच ठेवायची, पण जड बाजूला लागेल तेवढी.

तो आकडा मिळतो कुठे? ड्रायव्हरचं दार उघडा, बहुतेक गाड्यांना तिथेच स्टिकर असतो. त्यावर कमी माणसांसाठी एक आणि पूर्ण लोडसाठी दुसरा, असे दोन आकडे असतील तर ट्रिपला दुसरा. मात्र साध्या टेम्पो ट्रॅव्हलरची नंतर कॅम्पर केली असेल, तर वजन बदललेलं असतं. तिथे मालकालाच विचारा, गाडी भरून वजनकाट्यावर नेली होती का आणि त्यानुसार हवा किती ठरवली. टायरवर कोरलेला मोठा आकडा बघून तेवढी हवा भरणारेही आहेत. तो कमाल मर्यादेचा आकडा, रोजचा नव्हे.

हवा सकाळी, निघण्याआधी चेक करा. गाडी किमान तीन तास उभी असावी. दुपारी धाब्यावर थांबल्यावर गेज लावला आणि आकडा वाढलेला दिसला, तर हवा सोडायची नाही! गार झाल्यावर तोच टायर कमी हवेचा होईल. पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळायलाच हवी, असा नियम आहे. तिथला भाऊ ‘किती भरू?’ विचारतो, तेव्हा ‘टाका अंदाजाने’ म्हणू नका, आकडा सांगा. मागे जोडीने टायर असतील तर आतलाही तपासायला लावा. नळी नीट पोचत नाही म्हणून बरेचदा तोच राहून जातो. नायट्रोजनसाठी पैसे द्यायचे तर द्या, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

भाड्याच्या कॅम्परमध्ये आणखी एक गंमत. ती महिनोन्‌महिने उभी असते, म्हणून टायर झिजत नाही, पण म्हातारा होतो. नक्षी नव्यासारखी आणि बाजूला बारीक भेगा. टायरच्या बाजूला ‘डॉट’ने सुरू होणाऱ्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१७ म्हणजे २०१७ चा २३ वा आठवडा. असा टायर दिसला तर फोटोला कितीही झकास असली तरी ती गाडी घेऊ नका. ॲडव्हान्स देण्याआधी बघा, नंतर वाद घालण्यात अर्थ नाही.

आणि स्टेपनी. वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून हे नाव आलं, १९०४ च्या सुमारास तिथे जादा चाकं बनायची. कॅम्परमध्ये ती बरेचदा गाडीच्या पोटाखाली अडकवलेली असते, चिखलात माखलेली. तिच्यातली हवाही निघण्याआधीच बघा. आणि जॅक कुठे ठेवलाय, तो तुमच्यापैकी कुणाला लावता येतो, हे ग्रुपवर आजच विचारा.